वेंगुर्ल्याच्या खडकांपाशी इंजिन सुरू करताना

गडहिंग्लजच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढली की डोळे झाकूनही काढता येईल. समुद्र मात्र एकदाच पाहिला होता, तोही किनाऱ्यावर उभं राहून, सहलीची पोरं मोजत. त्यामुळं २००३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिडाच्या बोटीतून पणजीहून देवगडला गेले असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग माझ्या साडीकडं. "मोटरबोट असेल," म्हणतात. नाही, शिडाचीच. तिच्यात डिझेलचं इंजिन होतं, आणि ते मी सुरू केलं. हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

माझी धाकटी मुलगी प्राची. कोल्हापूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा करताना एका शिबिराला मालवणला गेली, तिथं शिडाची होडी चालवायला शिकली, आणि घरी आली ती अर्धीच आली. पुढं उद्यमनगरात फौंड्रीत चांगली नोकरी लागली होती, ती सोडून पणजीला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात गेली. हे डेअरीत होते. त्यांना रोज कुणीतरी विचारायचं, "पोरगी काय करती तिकडं?" हे म्हणायचे, "इंजिनिअर हाय," आणि विषय बदलायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्राचीचा फोन आला.

"आई, एक बोट देवगडला पोचवायची आहे. माझ्याबरोबर येणारा माणूस तापानं आडवा पडलाय. बोटीचे मालक म्हणतात, एकटीला देणार नाही. दोर धरायला, सुकाणू धरायला दोन माणसं असली तरी चालतील. तुला सुट्टी आहे की."

सगळीकडं विचारून झाल्यावर तिनं मला विचारलं असणार, हे मला कळत होतं. तरी मी लगेच हो म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. बोटीतून पळून ती जाणार कुठं? तीन दिवस बरोबर राहायचं, समजावायचं आणि परत घेऊन यायचं, असा माझा बेत. अक्काला सांगितलं तर ती माझ्याही पुढं. अक्का माझी थोरली बहीण. मी शिकावं म्हणून चौथीतून शाळा सोडून ती आईबरोबर लोकांच्या रानात खुरपायला गेली. पुढं स्वतःचा तुकडा झाला, नवरा गेल्यावर तो तिनं एकटीनं कसला. ती म्हणाली, "चल की. दोघी मिळून बसवू तिला खाली. माझं बोलणं मोडायची न्हाय ती."

गडहिंग्लज ते पणजी

एसटी स्टँडवर हे सोडायला आले. अक्काला "जयभीम" केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भांडू नकोस. पण घेऊनच ये." आजऱ्याच्या पुढं भाताची कापणी चालली होती. आंबोलीचा घाट उतरलो तसा कानाला दडा बसला आणि हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायला लागली. सावंतवाडीला गाडी बदलून पणजी गाठेपर्यंत दुपार कलली.

प्राची नदीच्या काठाला उभी होती. रापलेली, केस कापलेली, हाताला तेल. तिच्या मागं पांढरी बोट. आमच्या स्वयंपाकघराएवढी रुंद असेल, लांबीला जरा जास्त. मधे उंच डोलकाठी, खाली झोपायला दोन फळ्या, एक शेगडी. नाव 'मासोळी'.

अक्कानं बोट पुढून मागं पाहिली आणि म्हणाली, "वारं नसलं की काय करायचं? पाय मारायचं?"

"इंजिन आहे मावशी."

"मग हँडल कुठाय त्याचं?"

प्राचीनं आम्हाला मागच्या बाजूला नेलं. सुकाणूच्या दांड्याजवळ, बसायच्या फळीखाली, डब्याच्या झाकणाएवढी एक काळी पाटी बसवलेली होती. तिच्यावर वरच्या अंगाला बारके दिवे आणि खाली ओळीनं चार बटणं. पहिल्यानं वीज चालू, दुसऱ्यानं इंजिन आतून गरम, तिसऱ्यानं सुरू, आणि शेवटचं तांबडं, ते बंद करायचं.

"माझ्या विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारून मारून खांदा निखळायचा," अक्का म्हणाली. "आणि हितं बोटानं? नुसत्या बोटानं व्हय गं?"

"बोटानंच. पण क्रम चुकवायचा नाही," प्राची म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "आई, तू कर."

"मी? तू आहेस की."

"मी शिडाला गुंतलेली असले तर? चल, बस इथं."

तिनं समजावून सांगितलं. आधी खाली वाकून समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा आहे का बघायचं, कारण तेच पाणी आत फिरून इंजिनाला थंड करतं. गिअरचा दांडा मधोमध, न्यूट्रलला. मग पहिलं बटण. ते दाबल्याबरोबर दिवे लागले आणि पाटी किंचाळायला लागली. मी हात मागं घेतला.

"ओरडू दे. तेलाचा दाब नाही म्हणून ओरडतंय. इंजिन फिरलं की गप्प बसतं."

दुसरं बटण थोडा वेळ दाबून धरायचं. घाई करायची नाही. मग तिसरं. मी दाबलं, खाली घर्रर्र झालं, मी घाबरून सोडलं. इंजिन एकदा खोकून गप्प.

"पुन्हा," प्राची म्हणाली.

आयुष्यभर मी पोरांना म्हणत आलेला शब्द. दुसऱ्या वेळी इंजिन पकडेपर्यंत बटण सोडलं नाही. ते धडधडायला लागलं, पायाखालची फळी थरथरली, पाटीचं किंचाळणं बंद झालं.

"आता मागं वाकून बघ. सायलेन्सरमधून पाणी बाहेर पडतंय का?"

पाण्याच्या जरा वर एक भोक होतं. त्यातून धुराबरोबर पचकन पाणी आलं, थांबलं, परत पचकन आलं.

"थुकतंय," अक्का म्हणाली.

"थुकलंच पाहिजे मावशी. थुकलं नाही तर लगेच बंद करायचं, नाहीतर तापून कामातनं जाईल."

तिनं माझ्याकडून ते परत परत करून घेतलं. चुकले की रागावत नव्हती, फक्त "पहिल्यापासून" म्हणायची. पोरीला शिकवता येतं, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. पण बेत काही बदलला नव्हता.

पणजी ते वेंगुर्ला

उजाडता उजाडता निघालो. मांडवीच्या मुखातून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालू होतं. मग प्राचीनं शीड चढवलं, मला खूण केली, मी तांबडं बटण दाबून धरलं. धडधड थांबली. फक्त बोटीच्या अंगाला पाणी घासत होतं. वारा जमिनीकडून येत होता, थंड, गवताचा वास घेऊन. मी म्हणाले, "हा मतलई वारा." प्राची हसली. "व्हय बाई," म्हणाली. इतकी वर्षं फळ्यावर बाण काढला, तो पहिल्यांदा गालाला लागला.

मग बोट हलायला लागली आणि मला उलटी झाली. भूगोल, मतलई वारे, सगळं कठड्यावरून बाहेर गेलं. अक्काला काही नाही. तिनं डबा उघडला, भाकरीवर खर्डा घेतला आणि माझ्यासमोर बसून जेवली.

"घे गं, पोटात काय तरी पायजे."

"अक्का, वास नको."

"खर्ड्याचा वास नको? मग बाई खरंच आजारी हाय."

दुपारी वारा फिरला, समुद्राकडून यायला लागला आणि माझंही डोकं थाऱ्यावर आलं. प्राचीनं सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते, हे डोक्यात बसायला वेळ लागला. तेवढ्यात तिनं गिअरकडंही बोट दाखवलं. शिडावर असताना पाण्याच्या ओढीनं खालचा पंखा फिरत राहतो, तो थांबवायला गिअर रिव्हर्सला टाकून ठेवतात. "पण सुरू करताना आधी न्यूट्रल. रिव्हर्समध्ये असला तर बटण दाबून बोट दुखेल, इंजिन ढिम्म हलणार नाही."

वेंगुर्ल्याला नांगर टाकला तेव्हा ऊन उतरलं होतं. किनाऱ्याजवळ एका बाईंच्या घरगुती खानावळीत जेवलो. सुरमईचं कालवण, भात, सोलकढी. आमच्याकडं रस्सा जिभेला आधी चटका देतो, मग चव. इथं नारळ आधी येतो, आणि तिखट मागनं कळतं.

अक्कानं पहिला घास घेऊन विचारलं, "रश्श्यात साखर घालता व्हय?"

"साखर नाय गे बाय, नारळाचो रस तो," बाई म्हणाल्या आणि तिच्या पानात आणखी एक तुकडी वाढली. त्यानंतर अक्कानं तक्रार केली नाही.

जेवण झाल्यावर मी विषय काढणार होते. प्राचीकडं वळले तर ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तळहात उघडे, दोराच्या घट्ट्यांनी भरलेले. अक्का म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. उद्या बोलू."

खडकांपाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा छान होता. वेंगुर्ल्यापासून काही अंतरावर समुद्रात खडक आहेत. त्यांच्यावर दीपगृह आहे आणि पक्ष्यांच्या शिटेनं त्यांची टोकं चुना मारल्यासारखी पांढरी झालीत. प्राचीला आम्हाला ते पक्षी दाखवायचे होते. समुद्राकडच्या बाजूनं, बरंच अंतर ठेवून, ती बोट नेत होती.

आणि वारा पडला. मतलई वारा संपतो आणि खारा सुरू होतो, त्याच्या मधे काही वेळ हवा स्तब्ध असते. पुस्तकात हे एका ओळीत असतं. शीड लोंबायला लागलं. लाटा दिसत नव्हत्या, पण पाणी खालून संथपणे फुगत होतं, बसत होतं, आणि प्रत्येक फुगवट्याबरोबर आम्ही खडकांकडं सरकत होतो.

"इंजिन लावूया," प्राची शांतपणे म्हणाली. "आधी ही काठी बांधते."

शिडाच्या खालची आडवी काठी मोकळी झाल्यामुळं या कडेहून त्या कडेला झोके घेत होती. प्राचीनं तिचा दोर पकडला. त्याच वेळी बोट कलली, काठी हिसक्यानं गेली, आणि दोराबरोबर तिचा डावा हात लोखंडी कप्पीत ओढला गेला.

तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी तिच्या लहानपणापासून ऐकला नव्हता. हात सुटला, पण ती होती तिथंच खाली बसली. मधली दोन बोटं रक्तानं भरलेली, एक भलत्याच दिशेला वाकलेलं. ओठ पांढरे. मी तिच्याकडं धावले.

"आई, इंजिन."

"आधी हात दाखव."

"हात मावशीकडं देते. आई, मागं बघ."

मी मागं पाहिलं. खडक आता चित्रासारखे राहिले नव्हते. त्यांच्या भेगांत पाणी शिरायचं आणि घशात गुळणी केल्यासारखा आवाज करून बाहेर यायचं, तो आवाज आम्हाला ऐकू येत होता. अक्कानं लुगड्याचा पदर फाडला, प्राचीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्यावर ओरडली, "तू जा! मी हाय हितं!"

माझ्या मुलीकडं पाठ करून मी पाटीसमोर बसले. आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यांत अवघड होतं.

पहिलं बटण. दिवे लागले, किंचाळणं सुरू झालं. दुसरं दाबून धरलं. घाई केली नाही. तिसरं दाबलं.

काही नाही. घर्रर्र नाही, खोकला नाही. परत दाबलं. पाटी फक्त किंचाळत होती. प्राचीला विचारायला वळले तर तिनं डोळे मिटून डोकं अक्काच्या खांद्यावर टाकलेलं.

फळ्यासमोर उभं राहून पोरगं गडबडलं की मी त्याला काय सांगते? पुसून टाक आणि पहिल्यापासून कर. मी हात काढून घेतला. कॉक? सकाळी मीच उघडला होता. मग? गिअर. मी दांड्याकडं पाहिलं. तो मागं होता, रिव्हर्सला.

दांडा मधोमध आणला. दुसरं बटण परत धरून ठेवलं. मागं पाण्याची गुळणी मोठी होत होती. तिसरं दाबलं. खाली घर्रर्र झालं, लांबलं, आणखी लांबलं. मी सोडलं नाही. काळ्या धुराचा एक लोट आला आणि इंजिननं पकड घेतली. पाटी गप्प झाली.

"अक्का, पाणी बघ!"

प्राचीचा हात न सोडता अक्का कठड्यावरून वाकली. "थुकतंय गं! थुकतंय!"

प्राचीनं डोळे उघडले. आवाज बारीक, पण स्पष्ट होता. "पुढचा गिअर. हळू. आता दांडा खडकांकडं ढकल."

"खडकांकडं?"

"आई, ढकल."

अंगातला कण न् कण नको म्हणत होता. मी दोन्ही हातांनी दांडा खडकांच्या दिशेनं ढकलला, आणि बोटीचं तोंड त्यांच्यापासून वळून मोकळ्या समुद्राकडं झालं. पांढरी टोकं हळूहळू मागं पडली. वरून पक्षी ओरडत होते. मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुन्हा वेंगुर्ला

बंदरात परत येईपर्यंत सुकाणू माझ्याकडं होतं. दवाखान्यात हाताचा फोटो काढला. एका बोटाचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याला टाके. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर प्राची सरळ एसटीडी बूथमध्ये शिरली आणि मालकांना फोन लावला. मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की दाराशी उभ्या मला ऐकू येत होता. बोट आहे तिथं ठेव, म्हणत होते. मी दुसरा माणूस पाठवतो. तू घरी जा.

प्राची म्हणाली, "सर, बोटीला ओरखडासुद्धा नाही. माझा उजवा हात ठीक आहे. शीड आणि रस्ता मी बघेन." मग थांबली. "इंजिन आणि सुकाणू आई सांभाळेल."

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी ज्यासाठी आले होते ते माझ्यासमोर होतं. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं असतं तर संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघी घाट चढत असतो. पोरीनं तक्रारही केली नसती, हात दुखावलेला होताच. मी तिच्या पट्टीकडं पाहिलं. शुद्ध हरपत असताना हिनं मला बोट कुठं वळवायची ते बरोबर सांगितलं होतं. असं काम मला कोणत्याच शाळेत, कोणत्याच कचेरीत कुणी करताना दिसलं नव्हतं. हिला मी कुठं परत न्यायची?

"किती वाजता निघायचं ते विचार त्यांना," मी म्हणाले.

बाहेर अक्का उभी होती. मी सांगायच्या आधीच म्हणाली, "मी न्हाय बोलणार तिला काय. तू बी बोलू नको."

"नाही बोलत."

"मग चल. त्या बाईकडं कालवण खाऊ."

देवगड

एक दिवस विश्रांती घेऊन निघालो. आता कामं ठरलेली होती. प्राची एका हातानं दोर ओढायची आणि दाताखाली धरायची, अक्का तिचा दुसरा हात झाली होती. "ओढ म्हटलं की ओढती, सोड म्हटलं की सोडती," असं तिनं स्वतःच जाहीर केलं. सुकाणू आणि पाटी माझ्याकडं. वारा पडायची चिन्हं दिसली की प्राची नुसती माझ्याकडं बघायची आणि मी वाकून कॉक, गिअर, बटणं, सगळं क्रमानं करायचे. मालवणचा किल्ला उजव्या हाताला लांबून गेला. ज्या किनाऱ्यावर ती ही विद्या शिकली तो तिनं मला बोटानं दाखवला. मला उलटी झाली नाही. खर्डाही खाल्ला.

देवगडच्या खाडीत शिरताना मासेमारीचा एक ट्रॉलर जवळून गेला. त्याच्यावरचा एक जण ओरडला, "गे बायांनू, बोटीर पुरुष कोण नाय?"

"कशाला पायजे?" अक्का ओरडली. ट्रॉलरवरची सगळी माणसं हसली आणि त्यांनी आम्हाला हात केले.

मालक धक्क्यावर उभे होते. चष्मा लावलेले, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. बोट धक्क्याला लागली तसे ते उतरून आले. कठडा पाहिला, शीड पाहिलं, खाली जाऊन इंजिन पाहिलं. वर आले तेव्हा प्राचीच्या पट्टीकडं बघत उभे राहिले.

"सर, ही माझी आई," प्राची म्हणाली. "इंजिन हिच्याकडं होतं."

शाळेत मला बाई म्हणतात. गल्लीत यांच्या नावानं ओळखतात. अशी ओळख मला आजवर कुणी करून दिली नव्हती. मी पदराला हात पुसून नमस्कार केला. काळा डाग राहिलाच.

मालकांनी नमस्कार केला, मग प्राचीला म्हणाले, "मार्चमध्ये ही मुंबईला न्यायची आहे. न्याल?"

"नेते," ती म्हणाली. या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. सरळ त्यांच्याकडं बघून बोलली, आणि तिचा ताठ मानेचा तो चेहरा फ्रेम करून घरात लावावा असं मला वाटलं.

"मार्चमध्ये नको," मी म्हणाले.

तिघांनीही वळून माझ्याकडं बघितलं. प्राचीचा चेहरा पडला.

"मे ठेवा," मी मालकांना सांगितलं. "एप्रिल संपेपर्यंत माझ्या शाळेच्या परीक्षा असतात."